खुंट विचारून घ्या
(संत्रा बागाईतदारांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी आम्ही विचारले, संत्र्याची बाग कोणाकोणाकडे आहे? मंडपातले जवळजवळ सगळे हात वर गेले. मग विचारले, तुमच्या झाडाचा खुंट कोणता आहे हे ज्यांना नक्की ठाऊक आहे, तेवढेच हात वर ठेवा. राहिले चार. त्यातले दोघे स्वतः पन्हेरी करणारे.

यात तुमची चेष्टा करण्याचा हेतू नाही. सोयाबीनची एक थैली घेताना आपण जात विचारतो, लॉट नंबर पाहतो, पावती खिशात घालतो. ते पीक शंभर-सव्वाशे दिवसांचे. बिघडले तर एक हंगाम बुडतो. संत्र्याचे झाड वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाने लावायचे, पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पदरचे घालून पोसायचे, आणि त्याच्या मुळाशी कोण बसले आहे हे विचारायचेसुद्धा नाही! हा आंधळा व्यवहार आहे. या व्यवहारात बुडतो तो फक्त बाग लावणारा, रोप विकणारा कधीच नाही.

संत्र्याचे झाड म्हणजे दोन जीवांचा संसार. वर नागपुरी संत्र्याचा डोळा, खाली दुसऱ्याच जातीचा खुंट. फळ वरच्याचे, पण ते फळ पोसणारे पाणी, नत्र, पालाश, लोह, जस्त सगळे खालच्याने उचलून द्यायचे. झाड किती उंच जाणार, कितव्या वर्षी धरणार, पावसाळ्यात पाणी साचले तर तग धरणार की नाही, फळाची साल घट्ट राहणार की फोफशी होणार, यात खुंटाचा हात मोठा. आपण डोळा कोणत्या मातृवृक्षाचा याची थोडीफार चौकशी करतो. खुंट मात्र सावत्र पोर.

आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा लिंबूवर्गीय खुंटांचा एक तक्ता पाठ केला होता. एका बाजूला खुंट, दुसऱ्या बाजूला गुण. परीक्षेत तो जसाच्या तसा लिहिला, मार्क मिळाले. त्या तक्त्यात जमिनीचा रकाना नव्हता, आणि तिथेच घोडे पेंड खाते. ते आम्हाला कळायला पुढची पंधरा वर्षे आणि एका नातलगाची बाग खर्ची पडली.

ती गोष्ट सांगतो. पदवी घेऊन आलो होतो, सल्ला द्यायची हौस होती. आमच्या मामांकडे भारी काळ्या जमिनीचा तुकडा होता. जुन्या पद्धतीची लागवड वीस बाय वीस फुटांची, एकरी शंभराच्या वर थोडी झाडे. आम्ही सांगितले, मामा, सघन लावा. सहा मीटर बाय तीन मीटर धरले तर एकरी दोनशे बावीस झाडे बसतात. दुप्पट झाडे, दुप्पट उत्पन्न. कागदावर हिशेब बरोबर होता. रोपे कोणत्या खुंटावरची आहेत हे मामांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे कळले, सगळी जंबेरीवरची.

पहिली पाच वर्षे गावातले लोक बाग पाहायला येत. जंबेरी खुंट दणकट, मुळे खोल आणि दूरवर पसरणारी, झाड झपाट्याने वाढते. आठव्या वर्षी फांद्या एकमेकींत घुसल्या. आत ऊन नाही, आतल्या फांद्या वाळून सल झाली, फळ उरले ते फक्त शेंड्यावर. तोडायला शिडी, फवारायला जास्त दाबाचा पंप, आणि तरीही आतपर्यंत औषध पोचत नाही म्हणून कोळशी वाढली. शेवटी मामांनी एकाआड एक झाड मुळासकट काढले. ज्या झाडांवर आठ वर्षे खर्च केला तीच झाडे काढायला पुन्हा मजुरी दिली. मामा आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यावरून एक गोष्ट पक्की समजली. नुसती जवळ लावल्याने झाडे लहान राहत नाहीत. झाड आटोपशीर ठेवायचे तर ते खुंटाने ठेवायला हवे, नाहीतर छाटणीने. जमीन सुपीक आणि खुंट दणकट असला, आणि छाटणीला पैसा नसला, तर सघन लागवड म्हणजे आठ वर्षांनंतरचे जंगल.

मग तुम्ही म्हणाल, ठेंगणा खुंट आणा की! जगात असे खुंट आहेत. नाशपातीचे उदाहरण घ्या, कारण या बाबतीत त्या बागाईतदारांनी आपल्या फार आधी धडे घेतले आहेत. युरोपात नाशपातीचे कलम क्विन्स नावाच्या झाडावर करतात. हे नाशपातीचे दूरचे भावंड, आपल्याकडे हिंदीत त्याला बिही म्हणतात. त्या खुंटावर झाड बुटके राहते, लवकर धरते, माणूस जमिनीवर उभा राहून फळ तोडतो. पण त्याचीही किंमत आहे. बार्टलेटसारख्या काही जाती क्विन्सशी नीट जुळत नाहीत, सांधा कच्चा राहतो आणि वाऱ्याने झाड सांध्यावर मोडते. म्हणून मध्ये तिसऱ्याच जातीचा तुकडा घालून दुहेरी कलम करावे लागते. दुसरे, चुनखडीच्या जमिनीत क्विन्सला लोह उचलता येत नाही, पाने पिवळी पडतात. म्हणून चुना थोडा अधिक सोसणारे क्विन्स निवडावे लागले. आणि ज्यांना तेही जमले नाही ते नाशपातीच्याच खुंटावर राहिले. आपल्या हिमाचलात नाशपाती मुख्यतः कैंथ या रानटी नाशपातीवर बांधतात. झाड मोठे होते, उशिरा धरते, पण डोंगरातल्या हलक्या जमिनीत टिकते. बुटकेपणा आणि अन्न उचलण्याची ताकद या दोन गोष्टी एकाच खुंटात क्वचित सापडतात. ज्याला जे जास्त गरजेचे त्याने ते घ्यावे.

संत्र्यात क्विन्सची जागा ट्रायफोलिएट ऑरेंजची. तीन पानांचे, काटेरी, थंडीत पाने गाळणारे झाड. त्यातलाच फ्लाइंग ड्रॅगन नावाचा वाकड्या काट्यांचा प्रकार झाडाला खरोखर ठेंगणे ठेवतो. शिवाय ट्रायफोलिएट मूळकुजीला चांगला दाद देत नाही आणि ट्रिस्टेझा विषाणूलाही नाही. एवढे गुण ऐकून कोणालाही वाटेल की उद्याच आणावा. पण हा खुंट आम्लधर्मी जमिनीचा. आपली जमीन चुन्याची. ट्रायफोलिएट आणि त्याच्या संकरातले कॅरिझो, ट्रॉयर, स्विंगल हे खुंट कमीअधिक प्रमाणात चुन्याला घाबरतात. इथे लावले तर कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे आपण ज्याला केवडा म्हणतो तो.

हे का होते ते थोडे समजून घ्या, कारण यावर दुकानदार तुमच्याकडून बराच पैसा काढतो. आपल्या काळ्या जमिनीत लोह कमी नाही, पुष्कळ आहे. पण ते न विरघळणाऱ्या रूपात आहे. ते घेण्यासाठी मूळ स्वतः थोडे आम्ल सोडते आणि लोहाचे रूप बदलून मगच ते आत ओढते. चुनखडीच्या जमिनीतला बायकार्बोनेट हे आम्ल मारून टाकतो. मूळ आम्ल सोडत राहते, चुना ते खात राहतो. ज्या खुंटाच्या मुळात ही ताकद जास्त तो या झटापटीत टिकतो, दुसरा हरतो. जमीन पाण्याने चिंब असेल तर बायकार्बोनेट आणखी वाढतो, म्हणून पावसाळ्यात आणि जास्त ओलिताखाली केवडा जास्त दिसतो. अशा बागेत लोहाची पोतीच्या पोती जमिनीत टाकली तरी तीही तशीच अडकून पडणार. फेरस सल्फेटची फवारणी पानांना तात्पुरता आधार देते, एवढेच. खुंट चुकला असेल तर ही औषधपाण्याची पट्टी जन्मभर बांधावी लागते.

आता आपल्या घरच्या दोन खुंटांकडे येऊ. जंबेरी आणि रंगपूर लाइम. विदर्भातली संत्र्याची बाग याच दोघांवर उभी आहे, त्यातही जंबेरीवर जास्त. पन्हेरीवाल्याला जंबेरी का आवडते? बी भरपूर मिळते, रोप लवकर जाड होते, डोळा लवकर भरता येतो. म्हणजे त्याचा पैसा लवकर मोकळा होतो. यात गैर काही नाही, तोही शेतकरीच आहे. पण त्याच्या सोयीचा खुंट तो तुमच्या सोयीचा असेलच असे नाही.

हलकी, निचऱ्याची, खोल जमीन असेल तर जंबेरी वाईट नाही. खोलवर जाते, दुष्काळ सोसते, भरपूर धरते. पण फळाची चव आणि साल रंगपूरइतकी चांगली राहत नाही, आणि मुख्य म्हणजे फायटोप्थोराला जंबेरी फार लवकर बळी पडते. फायटोप्थोरा म्हणजे आपला डिंक्या, आपली मूळकूज. हा रोग पाण्यातून पोहत जातो, अक्षरशः. त्याचे बीजाणू शेपटीवाले असतात, साचलेल्या पाण्यात ते मुळापर्यंत पोहतात. भारी काळी जमीन, त्यात पाट भरून ओलीत, बुंध्याशी आळे, आणि खाली जंबेरी. रोगाला आपण पायघड्याच घालतो!

रंगपूर लाइम नावाने लिंबू, दिसायला लहान संत्रे. साल सुटी, रंग नारिंगी, पण तोंडात घातले तर डोळे मिटतात इतके आंबट. हा खुंट चुना सोसतो, पाण्यातली क्षारता सोसते तितकी सोसतो, ताण सोसतो, आणि मूळकुजीपुढे जंबेरीपेक्षा जास्त टिकतो. झाड जंबेरीपेक्षा थोडे आटोपशीर राहते. थोडेच, ठेंगणे नव्हे. कोणी रंगपूरला ठेंगणा खुंट म्हणून विकत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. आपल्या काळ्या, चुन्याच्या, चिबड होणाऱ्या जमिनीत बुटकाही राहील आणि पोटभर जेवेलही असा खुंट आज आमच्या माहितीत नाही. म्हणून आमचे मत असे की भारी जमिनीत रंगपूर घ्यावा, अंतर वीस बाय पंधरा फुटांच्या खाली आणू नये, आणि तोड झाली की दरवर्षी सल काढून मध्यभाग उघडा ठेवावा. सहा बाय तीन मीटर ज्यांना लावायचेच आहे त्यांनी छाटणीची मजुरी पहिल्याच दिवशी हिशेबात धरावी. नत्राचा हातही आवरावा. युरिया ओतून झाड वाढवायचे आणि मग मजूर लावून कापायचे, हा उद्योग फक्त युरियावाल्याच्या फायद्याचा.

तर मग सगळ्या जिल्ह्याने उद्यापासून रंगपूरच लावावा का? तेही नाही. यासाठी ब्राझीलचे ऐका. तिथे संत्रा-मोसंबीचा सगळा बाजार सावर ऑरेंज या एका खुंटावर होता. चुना सोसणारा, मूळकूज न जुमानणारा, उत्तम खुंट. १९३७ च्या सुमारास ट्रिस्टेझा आला. माव्याने पसरणारा विषाणू. साव पावलो प्रांतातली लाखो झाडे दहा-बारा वर्षांत मेली. मग त्यांनी काय केले? बहुतेक सगळे रंगपूर लाइमवर गेले, कारण तो ट्रिस्टेझा सोसत होता. पन्नासएक वर्षे चांगली गेली. १९९९ च्या सुमारास त्याच रंगपूरवरची झाडे अचानक वाळू लागली. त्या रोगाचे नावच 'सडन डेथ' पडले. पुन्हा धावपळ, पुन्हा खुंट बदल. एका खुंटावर सगळा तालुका उभा करणे म्हणजे एकाच खांबावर सगळा मंडप उभारणे. दहा एकरांचा धनी असेल त्याने दोन एकर तरी दुसऱ्या खुंटावर ठेवून पाहावे. आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत खुंटांवर जे काम चालते, ते तिथे जाऊन डोळ्यांनी पाहावे. सरकारी म्हणून नाक मुरडू नका. तो आपल्याच पैशाचा प्रयोग आहे, त्याचा हिशेब विचारायचा हक्कही आपलाच आहे.

आता फसवणुकीचे. आमच्या एका कार्यकर्त्याने 'रंगपूर' म्हणून रोपे घेतली, दोन पैसे जास्त देऊन. सहा वर्षे गेली. एका झाडाचा वरचा संत्रा मूळकुजीने वाळला आणि सांध्याखालून पानसोट फुटला. त्याने तो मुद्दाम राखला. त्यावर फळ आले ते पिवळे, खडबडीत सालीचे, लिंबासारखे. म्हणजे जंबेरी! सहा वर्षांनी झाडाने स्वतःच साक्ष दिली. तो पन्हेरीवाल्याकडे गेला. त्याने विचारले, पावती आहे का? पावतीवर लिहिले होते, 'संत्रा कलमे', नग आणि रक्कम. खुंटाचा शब्द नाही. विषय तिथेच संपला.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे. परवाना लागतो, खुंट आणि डोळा कुठून आणला याची नोंद ठेवावी लागते. तुम्हीआम्ही ती नोंद कधी मागितली? कायदा कपाटात आहे कारण आपण त्याला हाक मारत नाही. या हंगामापासून आपल्या जिल्ह्यात एवढे करायचे आहे. रोपे घेताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या. खुंटाचे नाव, डोळा कोणत्या बागेतला, आणि परवान्याचा क्रमांक. जो लिहून देणार नाही त्याच्याकडचे एक रोप उचलायचे नाही, मग ते कितीही स्वस्त असो. एकट्याने मागितले तर तो हसेल. गावातले वीस जण एकत्र जाऊन मागतील तेव्हा हसणार नाही.

पावतीशिवाय डोळ्यांनी पाहण्यासारखेही बरेच आहे. डोळा जमिनीपासून नऊ इंच तरी वर भरलेला असावा. चार-पाच इंचांवर भरलेली रोपे येतात, लागवडीत माती चढली की सांधाच पुरला जातो आणि डिंक्या सरळ वरच्या संत्र्याच्या सालीत शिरतो. तिथे खुंट कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. दुसरे, चार रोपे उपटून बारीक मुळे चिमटीत धरून ओढा. साल सुटून आत दोऱ्यासारखी तार राहिली तर ते रोप पन्हेरीतूनच मूळकूज घेऊन आले आहे. वर्षानुवर्षे त्याच वाफ्यात, भरपूर पाणी देऊन पन्हेरी घेतली की हेच होते. निर्जंतुक मातीच्या पिशवीतले रोप महाग वाटते, पण आजारी रोप फुकट मिळाले तरी महागच. तिसरे, खुंटाची रोपे एकसारखी हवीत. जंबेरी आणि रंगपूरच्या एका बीतून एकाहून अधिक अंकुर येतात, त्यातले बहुतेक आईसारखेच असतात, पण काही वेगळे निघतात. चांगला पन्हेरीवाला ते काढून टाकतो. जो सगळेच विकतो त्याच्या बागेत एक झाड पुरुषभर आणि शेजारचे गुडघ्याएवढे दिसते.

आणि सगळ्याच्या आधी जमीन. खुंट निवडण्याआधी शेतात दोन ठिकाणी तीन-तीन फुटांचा खड्डा घ्या. एक चढाच्या बाजूला, एक उताराच्या. खड्ड्याच्या भिंतीला पांढरे खडे, पांढऱ्या रेघा दिसतात का पाहा. तिथल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, हात जपून. जोरात फेस आला तर चुना भरपूर आहे. मग माती तपासायला द्या. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर संत्र्याचा विचारच पुन्हा करा, खुंटाचा नंतर. नंतर तोच खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर ती जमीन चर काढल्याशिवाय संत्र्याची नाही. हा सगळा खर्च दोन मजुरांच्या एका दिवसाचा.

ज्यांच्या बागा उभ्या आहेत त्यांनी घाबरू नये. खुंट आता बदलता येत नाही, वागणूक बदलता येते. पाणी बुंध्याला लागू देऊ नका, दुहेरी आळे करा, आतले आळे कोरडे आणि ओलीत बाहेरच्यात. पावसाळ्यात दर दोन ओळींनंतर चर. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डोपेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. सांधा मातीखाली गेला असेल तर आजच मोकळा करा. २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडे विहिरी आटल्या आणि उभ्या बागा वाळल्या. तेव्हा निम्मी मुळे आधीच कुजलेली झाडे आधी गेली. वर्षभर पाण्यात बुडवलेले मूळ तहानेच्या वेळी काय उचलणार?

आंबिया आणि मृग बहाराचे भाव, व्यापाऱ्याची तोड, बांगलादेशाने २०१९ पासून वाढवत नेलेले आयात शुल्क, यावर दुपारच्या सत्रात बोलणे होणारच आहे. ते सगळे आपल्या हातात नाही, म्हणूनच त्यासाठी भांडायचे आहे. पावतीवर खुंटाचे नाव लिहून घेणे मात्र आजच्या आज आपल्या हातात आहे.

बाहेरच्या टेबलावर कोऱ्या पावतीचा नमुना ठेवला आहे. प्रत्येक गावाने दहा-दहा प्रती न्याव्यात. ज्यांनी शेतात खड्डे घेतले असतील त्यांनी पुढच्या बैठकीला येताना वरची आणि तीन फुटांवरची, अशी दोन थैल्यांत माती आणावी. आम्ही आम्लाची बाटली घेऊन येऊ.